करारात लवादाचे कलम असले तरी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार कशी करावी

ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता भरून चार महिने झाले होते, तरी आरसीवरचा बोजा उतरवण्यासाठी लागणारे ना हरकत प्रमाणपत्र फायनान्स कंपनी बाबांना देत नव्हती. ‘इतर आकारां’चे ४७,३०० रुपये बाकी आहेत, असे तालुक्याच्या शाखेत तोंडी सांगितले जात होते आणि हिशेबाचा उतारा मागितला की पुढच्या आठवड्यात या, एवढेच उत्तर मिळत होते. मग एके दिवशी पोस्टमनने रजिस्टर पत्र आणून दिले. ते इंग्रजीत होते, आमच्या यवतमाळ जिल्ह्यापासून हजार किलोमीटरवरच्या एका महानगरातील वकिलाने ‘एकमेव लवाद’ म्हणून पाठवले होते, आणि त्यातली सुनावणीची तारीख पत्र हाती पडण्याच्या तीन दिवस आधीच होऊन गेली होती.

गावात दोन प्रकारचे सल्ले मिळाले. काहींनी सांगितले की हे कोर्टाचे पत्र नाही, घाबरू नका, बाजूला ठेवून द्या. काहींनी सांगितले की करारावर सही केली म्हणजे ग्राहक मंचाचा (आताच्या ग्राहक आयोगाचा) रस्ता बंद झाला, आता त्या लवादापुढेच उभे राहावे लागेल. दोन्ही सल्ले चुकीचे होते, आणि पहिला सल्ला ऐकणाऱ्या आमच्या नात्यातल्या एका काकांना त्याची मोठी किंमत मोजावी लागली. ट्रॅक्टर, दुचाकी, ठिबक संच, बियाणे, विमा किंवा मोबाइल अशा कोणत्याही व्यवहारात ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांच्यासाठी आम्ही चाललेली वाट क्रमाने लिहीत आहे.

आधी दोन शब्द स्पष्ट करतो. करारातून उद्भवणारा वाद न्यायालयाबाहेर ज्या व्यक्तीने सोडवावा असे करारातच ठरलेले असते, ती व्यक्ती म्हणजे लवाद, आणि तिचा निर्णय म्हणजे निवाडा. हा निवाडा लवाद आणि समेट अधिनियम, १९९६ प्रमाणे दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच अंमलात आणता येतो. म्हणून त्याला साधे पत्र समजू नये.

१. करार मिळवा आणि कलम शोधून वाचा

कर्ज घेताना आपण पंचवीस-तीस पानांवर सह्या करतो आणि प्रत मागत नाही. आता ती मागा. शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या, किंवा मुख्य कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवा. त्याच अर्जात कर्जखात्याचा संपूर्ण उताराही मागा. करारात ‘आर्बिट्रेशन’ या मथळ्याखालचे कलम बहुधा शेवटच्या काही पानांत असते. इंग्रजी येत नसेल तर गावातल्या शिक्षकाकडून तेवढे एक पान नीट समजून घ्या. त्यात लवाद कोण नेमणार, सुनावणी कोणत्या शहरात होणार आणि कामकाजाची भाषा कोणती, या तीन गोष्टी वेगळ्या कागदावर लिहून काढा. आमच्या करारात लवाद कंपनीने नेमायचा होता, ठिकाण कंपनीच्या मुख्यालयाचे होते आणि भाषा इंग्रजी होती.

२. न्यायालयांनी काय ठरवले आहे ते समजून घ्या

ही पायरी वगळू नका. तालुक्याच्या ठिकाणी काही वकीलसुद्धा ‘लवादाचे कलम आहे, इथे चालणार नाही’ असे सांगतात, आणि त्या वेळी निकालाचे नाव व वर्ष तुम्हाला सांगता आले पाहिजे.

मुळात ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ च्या कलम ३ मध्येच असे लिहिले होते की या कायद्याने दिलेला उपाय इतर कायद्यांतील उपायांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. हीच तरतूद आजच्या २०१९ च्या अधिनियमात कलम १०० म्हणून आली आहे. तिच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये फेअर एअर इंजिनिअर्सच्या प्रकरणात ठरवले की करारात लवादाचे कलम असल्यामुळे ग्राहक मंचाचा अधिकार जात नाही.

आपल्या शेतकऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा निकाल १६ जानेवारी २०१२ चा आहे: नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी. सदोष बियाण्यामुळे नुकसान झालेल्या आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांनी ग्राहक मंचात दाद मागितली होती आणि महामंडळाने इतर हरकतींबरोबर करारातले लवादाचे कलम पुढे केले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लवाद हा शेतकऱ्यापुढचा एकमेव मार्ग नव्हे, तो ऐच्छिक मार्ग आहे. शेतकऱ्याने ग्राहक मंच निवडला तर त्याला परत पाठवता येणार नाही. याच निकालात आणखी एक बाब आहे, जी सोयाबीन उगवले नाही म्हणून दुबार पेरणी करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. प्रयोगशाळेत तपासण्यासाठी बियाण्याचा नमुना का दिला नाही, असा कंपन्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. न्यायालयाने मान्य केले की शेतकरी घेतलेले सगळे बियाणे पेरून टाकतो, तपासणीसाठी त्यातले राखून ठेवील अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही.

त्यानंतर २०१५ मध्ये लवाद कायद्याच्या कलम ८ मध्ये दुरुस्ती झाली. कोणत्याही न्यायालयाचा पूर्वीचा निकाल काहीही असला, तरी वैध लवाद करार दिसत असल्यास पक्षकारांना लवादाकडे पाठवावे, अशी त्याची भाषा झाली. कंपन्यांचे वकील आजही याच दुरुस्तीवर बोट ठेवतात. परंतु एमार एमजीएफ लँड विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने १३ जुलै २०१७ रोजी आणि सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ रोजी हा युक्तिवाद फेटाळला. ग्राहक कायदा हा विशेष कायदा आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीमुळे त्यातला उपाय नाहीसा झालेला नाही, असे त्याचे सार आहे. पुढे ५ ऑक्टोबर २०२३ रोजी एम. हेमलता देवी विरुद्ध बी. उदयश्री या निकालात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की लवादाकडे जायचे की आयोगाकडे, ही निवड ग्राहकाची आहे. करारावर सही केली एवढ्या कारणाने त्याला लवादाकडे ढकलता येत नाही. मोबाइल कंपनीविरुद्धच्या तक्रारीत जुन्या टेलिग्राफ कायद्यातील लवादाची तरतूद पुढे केली जात असे. तिच्यामुळेही ग्राहक आयोगाचा अधिकार जात नाही, असे १६ फेब्रुवारी २०२२ च्या व्होडाफोन आयडियाच्या निकालात ठरले आहे.

येथे दोन धोके आहेत. पहिला असा की हे संरक्षण ग्राहक आयोगापुढे मिळते, दिवाणी न्यायालयात नाही. तुम्ही त्याच वादासाठी दिवाणी दावा लावला, तर कंपनीच्या अर्जावरून न्यायालय तुम्हाला लवादाकडे पाठवू शकते. दुसरा धोका मोबाइलवर दिसणाऱ्या चित्रफितींचा आहे. लवादाचे कलम ग्राहकाला बांधून ठेवते, असे ठामपणे सांगणाऱ्या अनेक चित्रफिती अमेरिकेतील कायद्यावर बोलत असतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एटी अँड टी मोबिलिटीच्या प्रकरणात खरोखरच कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता. तो आपल्याला लागू नाही.

३. कायद्याच्या अर्थाने तुम्ही ग्राहक आहात का, ते तपासा

२०१९ च्या अधिनियमातील कलम २(७) प्रमाणे व्यापारी हेतूने वस्तू किंवा सेवा घेणारा ग्राहक ठरत नाही, पण स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठी घेणारा ठरतो. लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या १९९५ च्या निकालात मालट्रक घेऊन तो स्वतः चालवणाऱ्याचे उदाहरण दिलेले आहे. स्वतःच्या शेतीसाठी ट्रॅक्टर घेतला असेल तर अडचण नाही. हंगामात तो शेजाऱ्याच्या वावरात भाड्याने चालवत असाल, तर ते लपवू नका. ‘घरच्या शेतीसाठी आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतला’ असे तक्रारीत स्पष्ट लिहा आणि सातबारा जोडा. चार-पाच ट्रॅक्टर नोकर ठेवून चालवणाऱ्याला मात्र हा मार्ग कठीण जाईल.

४. लवादाची नोटीस आली असेल तर गप्प बसू नका

आमचा संपूर्ण खटाटोप या पायरीवर वाचला. लवादासमोर प्रकरण चालू असताना ग्राहक आयोगात जाता येते. परंतु निवाडा झाल्यानंतर त्याच वादाची तक्रार आयोग ऐकत नाही, असे राष्ट्रीय आयोगाने २००६ मध्येच ठरवलेले आहे. म्हणजे निवड तुमची असली, तरी ती निवाड्याच्या आधी करावी लागते. तुम्ही उत्तर दिले नाही तर लवाद एकतर्फी कामकाज चालवून निवाडा देऊ शकतो. काकांच्या बाबतीत तसेच घडले.

पाकीट फेकू नका. त्यावरच्या शिक्क्यावरून पत्र कधी टाकले आणि कधी मिळाले, हे सिद्ध होते. आम्ही पहिले पाकीट चुलीत घातले होते आणि उशिरा मिळालेल्या पत्राचा पुरावा त्याबरोबर गेला.

त्यानंतर लगेच, शक्यतो आठवड्याच्या आत, लवादाला आणि कंपनीला रजिस्टर पोस्टाने लेखी हरकत पाठवा. आमच्या हरकतीत दोन मुद्दे होते. पहिला, हा ग्राहक वाद असून मी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग निवडला आहे. दुसरा, लवादाची नेमणूक कंपनीने एकटीनेच केली आहे आणि ती मला मान्य नाही. या दुसऱ्या मुद्द्याला भक्कम आधार आहे. २०१५ पासून लवाद कायद्यात कलम १२(५) आहे, त्यानुसार पक्षकाराशी हितसंबंध असलेली व्यक्ती लवाद होऊ शकत नाही. आणि वादाच्या निकालात ज्याचे हित गुंतले आहे, त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने पर्किन्स ईस्टमनच्या २०१९ च्या निकालात सांगितले. सरकारी करारांच्या संदर्भात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही अशी एकतर्फी नेमणूक समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. ही हरकत वेळेत घ्यावी लागते. लवादाला अधिकारच नाही, हा मुद्दा बचावाचे निवेदन देण्याच्या आधी किंवा त्याबरोबर मांडला पाहिजे, असे कलम १६ सांगते.

यातला सर्वांत वाईट सापळा सांगतो. वसुलीसाठी येणारा माणूस ‘फक्त नोटीस मिळाल्याची सही’ म्हणून एक कागद पुढे करतो. कलम १२(५) ची हरकत वाद निर्माण झाल्यानंतरच्या स्पष्ट लेखी करारानेच सोडता येते, आणि तो कागद नेमका तसा करार असू शकतो. न वाचता काहीही सही करू नका.

हप्ते अजून चालू असतील तर भांडणाच्या रागात ते थांबवू नका. तक्रार दाखल केली म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, आणि थकबाकी दाखवून वाहन ताब्यात घेण्याचा अंतरिम आदेश कंपनी दुसरीकडून मिळवू शकते. वाहन ओढून नेण्याची भीती असेल तर आयोगातच ग्राहक अधिनियमाच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज तक्रारीसोबत द्या.

५. कागदपत्रे जमवा

– कराराची प्रत; मिळाली नसेल तर ती मागितल्याचा अर्ज आणि पोच
– हप्त्यांच्या पावत्या आणि बँक पासबुकाची पाने
– कर्जखात्याचा उतारा, आरसीची प्रत
– लवादाची नोटीस पाकिटासह, तुमची हरकत आणि तिची पोचपावती
– सातबारा, आधार, रहिवासाचा पुरावा
– कंपनीशी झालेल्या मेसेजच्या छापील प्रती

बियाण्याच्या तक्रारीत कृषी सेवा केंद्राचे लॉट नंबर असलेले पक्के बिल, रिकामी पिशवी व तिचा टॅग हवा. उगवण झाली नाही हे दिसताच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडून वावराची पाहणी करून पंचनाम्याची प्रत घ्या. शेत मोडून दुबार पेरणी केल्यावर पंचनामा होऊ शकत नाही, म्हणून ही धावपळ त्याच आठवड्यात झाली पाहिजे.

६. तक्रार लिहून दाखल करा

वस्तू किंवा सेवेपोटी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते. जिथे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात ती करता येते, हे २०१९ च्या अधिनियमाने आपल्याला दिलेले मोठे बळ आहे. कंपनीच्या शहरात जाण्याची गरज नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आणि १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आहे. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सबळ कारणासह जोडावा लागतो.

वकील नेमणे बंधनकारक नाही आणि तक्रार मराठीत चालते. ज्यांना आधार हवा त्यांनी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा. महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे यांना मोफत वकील मिळतो. आम्हाला मिळालेल्या वकीलबाईंनीच वरची हरकत लिहून दिली. ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. ऑनलाइन दाखल करायची असल्यास पूर्वीच्या ई-दाखिलच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती संकेतस्थळ आले आहे. गावात नेटवर्क साथ देत नसेल तर सरळ जिल्ह्याला जाऊन प्रती द्या, विरुद्ध पक्ष जितके तितक्या जास्तीच्या प्रती ठेवा.

तक्रारीत लवादाचे कलम लपवू नका. ते स्वतःच सांगितले तर कंपनीला ते ‘उघडकीस आणण्याची’ संधी राहत नाही. आमच्या तक्रारीतला परिच्छेद असा होता: ‘करारात लवादाचे कलम असले, तरी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम १०० नुसार तक्रारकर्त्याने या आयोगापुढील उपाय निवडला आहे. विरुद्ध पक्षाने एकतर्फी नेमलेल्या लवादास तक्रारकर्त्याने कधीही संमती दिलेली नाही व तशी लेखी हरकत कळवली आहे. या वादात आजपर्यंत कोणताही निवाडा झाल्याचे तक्रारकर्त्यास कळवण्यात आलेले नाही.’ तुमच्या प्रकरणात खरे असेल तेवढेच लिहा, कारण सोबत प्रतिज्ञापत्र द्यायचे असते.

तक्रार दाखल झाली की तिच्या क्रमांकासह एक प्रत लवादालाही पाठवा. त्यानंतर आमच्या लवादाकडून पुन्हा पत्र आले नाही.

७. कंपनीचा अर्ज आला तर उत्तर द्या

पहिल्या काही तारखांतच कंपनीचा वकील लवाद कायद्याच्या कलम ८ खाली अर्ज देईल, की प्रकरण लवादाकडे पाठवावे. घाबरू नका, एका पानाचे लेखी उत्तर द्या आणि त्याला २०१८ व २०२३ च्या निकालांच्या प्रती जोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकाल विनामूल्य मिळतात. आमच्या प्रकरणात हा अर्ज दोन तारखांनंतर नामंजूर झाला. कंपनीला लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि जास्तीत जास्त आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत देण्याचा अधिकार आयोगाला नाही, हे ४ मार्च २०२० रोजी घटनापीठाने ठरवले आहे. तारखा स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.

आयोग तुम्हाला ‘मध्यस्थीला तयार आहात का’ असे विचारू शकतो. मध्यस्थी म्हणजे लवाद नव्हे. मध्यस्थ निर्णय लादत नाही, तो दोघांना बसवून तडजोड जमते का ते पाहतो, आणि जमली नाही तर तक्रार पुढे चालते. शब्दाच्या गोंधळामुळे आमच्या शेजारच्या गावातल्या एका बाईंनी चांगली तडजोड नाकारलेली मी पाहिली आहे.

८. निवाडा आधीच झाला असेल तर

मग वेळ फार थोडा असतो. निवाडा रद्द करण्याचा अर्ज लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली न्यायालयात करावा लागतो आणि त्याची मुदत निवाड्याची प्रत मिळाल्यापासून तीन महिने आहे. पुरेसे कारण दाखवल्यास फक्त ३० दिवस वाढतात, त्यानंतर एकही नाही. ही मुदत निवाड्याची सही असलेली प्रत पक्षकाराला मिळाल्या दिवसापासून धरायची, असे महाराष्ट्र राज्य विरुद्ध आर्क बिल्डर्स या २०११ च्या निकालात ठरले आहे. प्रत कधी व कशी मिळाली याचा पुरावा म्हणूनच जपायचा. हा अर्ज बहुधा करारातील ठिकाणच्या न्यायालयात करावा लागतो, तर कंपनी मात्र निवाड्याची अंमलबजावणी जिथे तुमची मालमत्ता आहे तिथल्या न्यायालयात थेट मागू शकते. काकांना निवाड्याचा पत्ता लागला तो जिल्हा न्यायालयाची दरखास्तीची (निवाड्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाची) नोटीस आली तेव्हा. त्यांच्या हाती सही असलेली प्रत कधी पडलीच नव्हती, आणि त्याच मुद्द्यावर त्यांचे प्रकरण अजून चालू आहे. दूरच्या शहरात त्यासाठी त्यांना तीन वेळा जावे लागले आहे.

९. आदेश मिळाल्यावर

आमचा आदेश चौदा महिन्यांनी झाला. ४७,३०० रुपयांची मागणी रद्द झाली, प्रमाणपत्र देण्याचे निर्देश मिळाले, नुकसानभरपाई मागितली त्यापेक्षा बरीच कमी मिळाली. आदेशाची प्रमाणित प्रत मागून घ्या आणि कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवा. नाराज पक्षाला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. विदर्भासाठी त्याचे खंडपीठ नागपूरला बसते. कंपनीने आदेश पाळला नाही तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो, आणि ग्राहक अधिनियमाच्या कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची किंवा किमान २५,००० रुपये दंडाची, अथवा दोन्हींची तरतूद आहे. आम्ही तो अर्ज तयार करून ठेवला होता. तो देण्याच्या आदल्या दिवशी प्रमाणपत्र आले. बोजा उतरवण्यासाठी त्याबरोबर कंपनीच्या सही-शिक्क्याच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती लागतात. त्याही त्याच वेळी मागून घ्या, नाहीतर आरटीओतून परत फिरावे लागते.